पिंप आतून लख्ख

पिंपात लिंबू पिळायचा निर्णय तसा अगदी छोटा होता.

आमच्या सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही. आलं की भरून ठेवायचं. त्यासाठी मी तोटीचं, नवंकोरं तांब्याचं पिंप आणलं आणि मोबाईलवर वाचून त्यात मूठभर लिंबं पिळू लागलो. (कुठं वाचलं ते विचारू नका. बातमीचा स्रोत आम्ही उघड करत नसतो.)

आठवडा उलटायच्या आत नात उर्वी शाळेतून रडत परत आली. पोटात कळा, उलट्या, तोंडाला नाणं चघळल्यासारखी चव. तोटीखालच्या पांढऱ्या फरशीवर निळसर-हिरवा डाग. माझं डोकं फिरलं. (मळमळत मलाही होतं, पण मला तो संताप वाटला.)

‘नळातून विष!’ असा पेपरसाठी मथळा तयार केला आणि पाणीपुरवठ्याच्या इंजिनिअरला, गुरुबसप्पांना, घरी यायला भाग पाडलं.

“अहो, शेजारी गुरम्मांकडं हेच पाणी येतं. ते सगळे ठणठणीत आहेत की,” बायको म्हणाली.

“वैजयंती, प्रशासनाची बाजू घेऊ नकोस!”

गुरुबसप्पांपुढे पिंपातल्या पाण्याचा पेला आदळला. “प्या! हेच पितोय आम्ही!”

त्यांनी घोट घेतला, तोंड वाकडं केलं आणि जिभेवरची बी काढून तळहातावर ठेवली. “साहेब, आम्ही पाण्यात क्लोरिन सोडतो. लिंबू नाही.”

वैजयंतीनं पिंपाचं झाकण उचललं. “अगंबाई, पाण्यानं काळवंडायचं सोडून आतून कसं लख्ख झालंय! मी तर घासलंच नाही.”

“बघ, याला म्हणतात क्वालिटी!”

“चिंचेनं भांडं उजळतं, तसं हे लिंबानं उजळलंय. मग निघालेलं तांबं गेलं कुठं?”

उर्वीनं पोटावर हात ठेवला. मीही.

डॉक्टरही तेच म्हणाले. आंबट पाण्यात तांबं उतरतं, आणि ते जास्त झालं की पोट बंड करतं. पिंप बंद झालं आणि उर्वी पुन्हा घरभर उड्या मारू लागली. आयुष्यभर लोकांना जाब विचारला, आभार मानायची सवयच नव्हती. गुरुबसप्पांना फोन करून मानले. वैजयंतीचेही मानले.

“राहू द्या,” ती म्हणाली. “बातमी छापली नाहीत, तेवढं पुरे.”

खरंच छापली नव्हती. तरी संध्याकाळी कोपऱ्यावरच्या भाजीवाल्या काशम्मानं मला बघताच टोपली पदराखाली झाकली.

“साहेब, कोथिंबीर न्या, मिरच्या न्या. लिंबं तुमाला द्यायची न्हाईत म्हनं. गुरम्मा सांगून गेल्यात.”

माझी एकही बातमी आजवर इतक्या वेगानं पसरली नव्हती. आणि हिचा तर खुलासाही देता येईना.