भोपळ्याचा ताबा

"अहो, भोपळा कुठाय?"

हातात सुरी घेऊन बायको गच्चीच्या मधोमध उभी होती. गच्चीवाले मात्र पालकाच्या वाफ्याशी उकिडवे बसून, एका पानाच्या टोकावरचा थेंब पडतो की थांबतो, हे पाहण्यात गुंग होते.

"कुठला भोपळा?"

"कुठला म्हणजे? हॉटेलवाल्या बाई येतायत ना आज तो चाखायला! आवडला तर रोजचा भाजीपाला आपल्याकडूनच घेणार म्हणाल्यात. पहिलंच कायमचं गिऱ्हाईक, आणि तुम्ही विचारताय कुठला भोपळा!"

इमारतीच्या गच्चीवर माती चढवून, पिंपांत गांडूळखत करून दोघांनी हे शेत उभं केलं होतं. राबायचे दोघंही, पण स्वप्नं बघायचं खातं गच्चीवाल्यांकडे होतं. भोपळ्याची वेल कठड्यावर चढून पलीकडे वाकली, तेव्हा त्यांनी ते पाहिलं होतं. "जाऊ दे, तिलाही जरा जग बघू दे," असं मनाशी म्हणून ते पुन्हा टोमॅटोंकडे वळले होते.

आता दोघांनी कठड्यावरून खाली डोकावून पाहिलं. खालच्या मजल्यावरच्या बाल्कनीत भोपळा मजेत झोके घेत होता. त्याचा भार देठावर येऊ नये म्हणून कुणीतरी काळ्या कापडाची झोळी करून गजांना बांधली होती.

"झगा आहे तो," बायको कुजबुजली. "कोर्टातला."

बाल्कनी निवृत्त जजसाहेबांची होती. गच्चीवाल्यांचं आणि त्यांचं पहिल्यापासून विळ्याभोपळ्याचं सख्य. आता तर मधे खराखुरा भोपळाच आला.

"खाली जाऊन मागू या का?" गच्चीवाल्यांनी विचारलं.

"काही नको. हळूच वर ओढा."

दोघांनी वेल धरून ओढली. भोपळा झोळीतून वीतभर उचलला गेला, आणि तेवढ्यात खालून दोन हात आले आणि त्यांनी भोपळ्याला कडकडून मिठी मारली.

"कोण आहे वर? सोडा! आधी सोडा!"

वेल चरचरली. गच्चीवाल्यांच्या काळजातही तसंच काहीतरी झालं आणि त्यांनी हात सोडले. एरवी हाती भोपळा आला की माणसाची फजिती होते. इथे तोही हाती येईना.

दोघं निमूट जिना उतरले. जजसाहेबांनी दार उघडलं. काखेत वर्तमानपत्र, कपाळावर चष्मा.

"दोन्ही पक्ष हजर? बोला."

"साहेब, भोपळा आमचा आहे," बायको म्हणाली. "मूळ वर आहे त्याचं."

"मूळ वर, फळ खाली. ताबा माझा."

"अहो, पण खत आम्ही घातलं, पाणी आम्ही घातलं!"

"मी त्याला रोज पेपर वाचून दाखवला," जजसाहेब म्हणाले, आणि एकदम ओशाळले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "अग्रलेखसुद्धा. जन्मभर मी बोलायचो आणि अख्खं कोर्ट ऐकायचं. आता बोललो तर भिंतीच ऐकतात. हा निदान मान डोलावतो."

गच्चीवाले बाल्कनीत गेले. ऊन पानांतून गाळून, हिरवं होऊन फरशीवर सांडत होतं. जिकडेतिकडे पिवळी फुलं उमलली होती. एक भुंगा एका फुलात शिरला तो बाहेर यायचं विसरूनच गेला. रस्त्यावरचे हॉर्न पाण्याखालून यावेत तसे दुरून ऐकू येत होते. वर ते रोज जे शेत बघत, ते हे नव्हतंच. ते हलकेच आरामखुर्चीत टेकले.

"साहेब, राहू दे त्याला इथंच."

"अहो!" बायको किंचाळली.

नेमकी तेव्हाच बेल वाजली. दारात हॉटेलवाल्या बाई. "गच्चीवर कुणीच नव्हतं. शेवटी कठड्यावरून वाकून पाहिलं, वेल इथं उतरलेली दिसली. हाच का तो भोपळा?"

"हाच," गच्चीवाले खुर्चीतूनच म्हणाले. "पण आता तो कापायचा नाही."

बायकोने डोळे मिटून घेतले.

"बाईंना आधी बसू द्या," जजसाहेबांनी फर्मावलं. बाई बाल्कनीत येऊन बसल्या. वारा आला की फुलं हलत, वारा गेला की थांबत. घाईने आलेल्या बाईंची पर्स कधी खांद्यावरून घसरून खाली पडली, ते त्यांनाही कळलं नाही. मग त्यांनी एक फूल खुडलं, हुंगलं, आणि चक्क चावून पाहिलं.

"भोपळे काय, मला कुणीही आणून देतं," त्या म्हणाल्या. "अशी ताजी फुलं कोण देतंय? रोज टोपलीभर मिळतील?"

"फुलं तोडली तर भोपळे कसे धरणार?" जजसाहेब उसळून उभे राहिले.

"नर फुलांना भोपळा धरत नाही, साहेब," गच्चीवाले म्हणाले. "थोडी ठेवली की पुरे. बाकीच्यांना नुसतं फुलायचं असतं."

"म्हणजे निवृत्तच म्हणा की." जजसाहेबांनी जरा विचार केला. "मंजूर. भोपळा इथंच राहील. फुलं रोज जातील. तोडणी मात्र माझ्या देखरेखीखाली."

दुपारी गच्चीवाले तरंगतच वर आले. बघतात तो बायको समोरच्या कठड्यावर ओणवी झालेली. घेवड्याचा कोवळा शेंडा धरून ती त्याला सुतळीने हळूहळू खाली सोडत होती.

"अगं, हे काय? तिकडे खाली कोण राहतं?"

"कुणी का राहीना," दातांत धरलेली सुतळी न सोडता ती म्हणाली. "बाल्कनी चांगली ऐसपैस आहे."