एकशे चौदा नावं आणि थोडी मोकळी जागा

मी फक्त थोडी मोकळी जागा सोडायची ठरवली होती. एवढ्यावरून माणसाचं सासर तुटायची वेळ येते, हे मला पुण्यातल्या कमर्शियल आर्टच्या कोर्सात कुणी शिकवलं नव्हतं.

माझी पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो (लांबवण्यासारखी ती नाहीच). जन्म अवसरी बुद्रुकचा. नव्वद साली शाळेच्या भिंतीवर सुविचार रंगवले, मग ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांवर मोर काढले, मग कोर्स, मग कॉम्प्युटर. दोन हजार पाच साल उजाडेपर्यंत मी फ्रीलान्स वेब आणि ग्राफिक डिझायनर झालो होतो. म्हणजे मी घरी असायचो. पेठला, माझ्या सासरच्या गावी, सासऱ्यांना, रखमाजींना, कुणी विचारलं, "धाकलं जावई काय करत्यात?" की ते टोपी सारखी करत म्हणायचे, "त्ये व्हय? त्ये घरीच असत्यात." ऐकणारा मग आजाऱ्याची चौकशी करावी तसा हळूच विचारायचा, "आता बरं हाय का?"

त्यात माझ्या मेव्हण्याचं, आदेशचं, लग्न ठरलं. आमच्याकडच्या पत्रिकेत सगळ्या भावकीची आणि सोयऱ्यांची नावं असतात आणि प्रत्येक नावापुढं कंसात हुद्दा असतो. चेअरमन, दूध सोसायटी. माजी उपसरपंच. माझा साडू तर दोन ठिकाणी छापला जातो, कारण त्याला दोन हुद्दे आहेत. माझ्या नावापुढं आजवर फक्त पूर्णविराम आला होता. बायकोनं माहेरी शब्द टाकला आणि सासरे कबूल झाले. "पत्रिका तुमीच करा. झ्याक झाली तर नावाम्होरं 'डिझायनर' छापू."

मला गहिवरून आलं, खोटं कशाला सांगू! एका कंसासाठी मी आयुष्यात कधी एवढा झुरलो नव्हतो.

माझी कामाची पद्धत ठरलेली होती. आधी ग्राहकाचं मन जाणून घ्यायचं, मग फापटपसारा छाटायचा, मग जागा मोकळी सोडायची. त्याप्रमाणे मी वही उघडून सासऱ्यांना विचारलं, "मामंजी, पत्रिका हातात घेतल्यावर माणसाला काय वाटलं पाहिजे?"

"जेवाया यावं वाटलं पायजे," ते म्हणाले आणि नावांची यादी माझ्या मांडीवर ठेवली. एकशे चौदा नावं. शेवटची काही तर वहीच्या पुठ्ठ्यावर लिहिली होती.

मी तीन दिवस विचार केला आणि सगळी एकशे चौदा नावं पत्रिकेतून काढली. सायीच्या रंगाचा कागद, मधोमध वधूवरांची नावं, तारीख, ठिकाण आणि खाली एक बारीक ओळ: निमंत्रकांची संपूर्ण यादी वेबसाइटवर पाहावी. वेबसाइटही मीच केली. मानपानाचं भांडण नको म्हणून नावं अकारविल्हे लावली (केवढा मी दूरदर्शी!), आणि पानाला जिवंतपणा यावा म्हणून ती खालून वर सरकती ठेवली.

नमुना सासऱ्यांना दाखवला. त्यांनी तो लांब धरला, जवळ धरला आणि म्हणाले, "कव्हर लई झ्याक झालंय. हू द्या."

मी 'हू द्या' एवढंच ऐकलं. 'कव्हर' हा शब्द मला ऐकू आला तेव्हा मंचरच्या सत्तारभाईंच्या छापखान्यातून हजार पत्रिका छापून, पाकिटात घालून, पाकिटं चिकटवून बाहेर पडल्या होत्या. सासऱ्यांना त्रास नको, म्हणून ती चिकटवायची कल्पनाही माझीच.

पहिली पत्रिका देवाला, दुसरी मामाला, अशी रीत. नवरदेवाचे मामा धर्माजी येडगावचे. मीच गाडी काढून गेलो. मामांनी पाकीट फोडलं, पत्रिका उलटी केली, सुलटी केली, पाकीट झटकलं.

"माझं नाव कुठंय?"

"वेबसाइटवर, मामा."

"ती कुठं आली?"

"तशी सगळीकडेच असते. पण आपल्याला मंचरला बघता येईल, सत्तारभाईंच्या कॉम्प्युटरवर."

"मजी भाच्याच्या लग्नात आपलं नाव हाय का न्हाई, ते बघाया मी मंचरला जायाचं?"

आणि ते खरंच निघाले. जीपमध्ये, फेटा बांधून, चार माणसं साक्षीला घेऊन.

सत्तारभाईंनी छापखान्याच्या पुढच्या खोलीत खुर्च्या मांडल्या. फोन लावल्यासारखे आवाज करत इंटरनेट सुरू झालं. पहिलं नाव सरकत आलं ते अंकुश मंडपवाल्याचं.

"ह्यो पयला?" मामा म्हणाले.

"अ वरून आहे, मामा. तुमचं येईल पुढं."

मामा चष्मा शोधायला लागले. तो कोटाच्या आतल्या खिशात निघाला, तेवढ्यात एक साक्षीदार ओरडला, "गेलं! तुमचं नाव वर गेलं बगा!"

"आरं थांबीव की त्याला!"

"थांबत नाही, मामा. ते डिझाइन आहे."

"जाऊ द्या राव," सत्तारभाई म्हणाले, "फिरून येतंय. आमी हाय ना!" मामा चष्मा लावून पडद्याला नाक भिडवून बसले. पुन्हा अंकुश आला. गणपत आला. चिमाबाई आल्या. दगडू आला, दामू आला आणि लाइट गेली.

भारनियमनाची वेळ मी विसरलो होतो. अंधारातून मामांचा आवाज आला.

"दामूपत्तर लाइट व्हती. बरोबर माझ्यापाशी येऊन गेली. पटतंय का पावणं तुमाला?"

मला पटलं नव्हतं, पण तसंच घडलं होतं.

"मी लग्नाला येत न्हाई," मामा उठत म्हणाले. "नवरदेवामागं मामा उभा ऱ्हातो न्हवं? त्या कॉम्प्युटरला उभा करा म्हणावं."

संध्याकाळपर्यंत बातमी पेठला पोचली. सासूबाईंनी, कुशाबाईंनी, अन्न सोडलं. भाऊ नाही तर मांडव नाही, असं त्यांनी भिंतीकडं बघून जाहीर केलं. आदेश माझ्याकडं नुसता बघायचा. बायको एवढंच म्हणाली, "तुम्ही घरीच असायचात, तेच बरं होतं." मी ओसरीवर बसून होतो आणि मला खरोखर मरावंसं वाटत होतं.

सासरे नावांची वही घेऊन मंचरला गेले आणि चार दिवसांत सत्तारभाईंनी नवी पत्रिका छापली. चार घड्यांची, लालभडक, सोनेरी गणपतीची. एकशे चौदा नावं, त्यात धर्माजी मामांचं सर्वांत वर, नवऱ्यापेक्षा ठळक. ती पत्रिका घेऊन सासरे स्वतः येडगावला गेले आणि मामा आले.

मी मात्र ती पत्रिका लग्नाच्या दिवशीच मंडपामागं लपून वाचली. जावयांत माझं नाव नाही. भावकीत नाही. शेवटच्या घडीवर, दोन फुगे आणि एक ससा यांच्यामध्ये चिमुकल्यांची किलबिल होती: 'आमच्या मामाच्या लग्नाला नक्की यायचं हं! चि. संस्कृती, चि. समृद्धी, चि. गोरख.'

संस्कृती माझी मुलगी, वय चार. समृद्धी साडूची, वय दोन. गोरख मी.

सासऱ्यांना गाठून मी पत्रिका पुढं केली. ते शांतपणे म्हणाले, "बाकी समदं भरलं व्हतं. मोकळी जागा तेवढीच ऱ्हायली. तुमाला आवडती न्हवं?"

मी पुन्हा मंडपामागं जाऊन बसलो. इकडं पंगतीसाठी बायको मला शोधत होती. ती स्टेजवर गेली असावी आणि नवऱ्याचं नाव तोंडानं न घेता तिनं पत्रिकेतल्या नावावर बोट ठेवलं असावं, कारण माइकवाल्याचा आवाज मला ऐकू आला.

"एक सूचना! चिरंजीव गोरख नावाचं लहान बाळ हरवलेलं हाय. कुणाला दिसल्यास कृपया स्टेजपाशी आणून द्यावं. त्याची आई वाट बगती."

थोड्या वेळानं संस्कृतीनं मला शोधून काढलं, माझं बोट धरलं आणि सगळ्या मंडपातून मिरवत स्टेजपाशी आणून दिलं.