पाच खुणांचा गुप्तहेर आणि शाळेची घंटा

मुलांनो, अशी कल्पना करा की तुम्ही चौथीत आहात. साल १९८४, श्रावणातला शनिवार, सकाळची शाळा. बाहेर घटकेत पाऊस, घटकेत ऊन. कौलांवरून पाणी ठिबकतंय आणि फळ्यापुढे मी उभा आहे. माझे केस काळेभोर आहेत. ही कल्पना करायला जरा जास्त जोर लावावा लागेल, पण लावा.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. माझ्या हाताखालून गेलेलं एकही मूल भुताला घाबरत नाही. धामापूरच्या तळ्यापासून कसालच्या बाजारापर्यंत कुणालाही विचारा. माझी पद्धत सोपी होती. भुताला हाकलायचं नाही, त्याचा अभ्यास करायचा.

त्या वर्षी मुंबईला छापखान्यात नोकरी करणाऱ्या आमच्या भाईंनी गावच्या वाचनालयाला रहस्यकथांचं एक खोकं पाठवलं. मी पंधरा दिवसांत ते फस्त केलं. वीस पुस्तकांपैकी सात पुस्तकांत नायक एकच निघाला. नाव वेगळं, शहर वेगळं, लिहिणारेही वेगळे, पण माणूस तोच. माणूस म्हणजे मेलेला माणूस. दोनशे वर्षांपूर्वी वारलेला, रक्त पिणारा, आणि तरी रोज कामावर जाऊन चोर पकडणारा. मेल्यावरही सुटी नाही म्हणजे बहुतेक सरकारी नोकर असावा, असं मला वाटलं.

आदल्या दिवशी, शुक्रवारी सकाळी, मी मुलांना समजावलं होतं, "दशावतारात संकासुर कुठल्याही गावात आला तरी काळा झगा आणि लांब लाल जीभ ठरलेली असते ना? तसंच हे. हे सोंग आहे. सोंगाच्या खुणा पाठ झाल्या की भीती संपली."

आणि मी खुणा फळ्यावर लिहून दिल्या. हा रक्तपिपासू गुप्तहेर दारात उभा राहतो, 'ये' म्हटल्याशिवाय उंबरठा ओलांडत नाही. उन्हात छत्री मिटत नाही. लसूण त्याला चालत नाही. आरशात तो दिसत नाही. आणि पाचवी खूण मुख्य, तिच्याखाली मी दोन रेघा मारल्या: रक्ताच्या एका थेंबावरून तो चोर ओळखतो.

सगळ्या मुलांनी खुणा उतरवून घेतल्या. कावेरीने दोनदा उतरवल्या.

कावेरीला कारण होतं. बुधवारपर्यंत शाळेत एक पितळी घंटा होती, हातात धरून वाजवायची. ती देवीच्या देवळातून शाळेला मिळालेली, म्हणून तिचा मान मोठा. त्या आठवड्यात घंटेची पाळी कावेरीची होती. गुरुवारी सकाळी खिडकीतली घंटा नाहीशी झालेली. गावाने शोधाशोध केली ती एवढीच, की सगळ्यांनी कावेरीकडे बघितलं. देवळाचे मानकरी गुरुदास सुतार तर शाळेच्या पडवीत येऊन, कावेरीकडे बोट दाखवून म्हणाले, "चेडवान हरवल्यान नायतर इकल्यान. सोमवारी देवीक गाराणा घालतंय. नाव घेवनच घालतंय."

देवीपुढच्या गाऱ्हाण्यात चोर म्हणून नाव घेतलं जाणं म्हणजे काय, हे आमच्याकडच्या पोरालाही कळतं. ते नाव मग म्हातारपणापर्यंत पुरतं. कावेरीच्या आईचं, मथुराचं, दोन दिवस जेवणात लक्ष नव्हतं. कावेरी तर एका जागी बसेना. वर्गात पाय हलवायची, मधल्या सुटीत विहिरीभोवती फिरायची, आणि दर थोड्या वेळाने येऊन मला सांगायची, "गुरुजी, मिया चोरूक नाय."

"मला माहीत आहे, बाळ."

"मग कोणी चोरल्यान?"

ते शोधायला मला वेळ नव्हता. पंधरा ऑगस्ट चार दिवसांवर आलेला. झेंड्याची काठी रंगवायची, भिंतींना चुना लावायचा, शाळेचं पितळ-तांबं चकचकीत करायचं. बुधवारी संध्याकाळीच मी पिशवीभर सामान घरी घासायला नेलं होतं. मीही त्या दिवसांत एका जागी बसत नव्हतो. माझी बायको माई म्हणायची, "तुमका भोवऱ्याची दोरी कोणी गुंडाळल्यान काय?"

तर त्याच शुक्रवारी दुपारी मथुराच्या अंगणात एक अनोळखी गृहस्थ आले. उंच, फिक्कट, गालफडं बसलेली, खांद्याला खाकी पिशवी, डोक्यावर काळी छत्री. दारात थांबून विचारलं, "आत येऊ का?"

"येवा," मथुरा म्हणाली.

तेव्हा ते आत आले. पाऊस थांबून लख्ख ऊन पडलं होतं, तरी छत्री उघडीच. छत्रीची कळ गंजली होती, हे पुढे कळलं. दाराआडून कावेरी बघत होती.

मथुराने पाहुण्याला पेज दिली आणि वर लसणीची चटणी वाढली. पाहुणे पाट सोडून मागे सरकले. "नको, नको. चातुर्मास पाळतो. लसूण चालत नाही."

कावेरीने खुंटीवरचा आरसा काढून हळूच त्यांच्या पाठीमागे धरला. आमच्या दमट हवेत आरशाचा पारा दोन पावसाळ्यांत उडतो. त्या आरशाने सात पावसाळे बघितलेले. त्यात पाहुणे दिसले नाहीत. त्यात कावेरीही कधी दिसली नव्हती, पण आपण रोज दिसत नाही याकडे कोण लक्ष देतो?

"घरात कुणाला ताप येऊन गेला का?" पाहुण्यांनी वही उघडली. "बोटातून एक थेंब रक्त द्या. तपासलं की आत काय लपलंय ते कळतं."

कावेरीच्या हातातून आरसा पडता पडता राहिला.

ते होते भिकाजी परब, हिवतापाचे नवे कर्मचारी. महिनाभर वाडीवाडी फिरत होते, पण सुई बघून माणसं परसदाराने पळायची. आमच्या गावात त्यांना एक थेंब मिळालेला नव्हता. आईने 'मलेरियावालो' म्हटलं तेव्हा कावेरीने तिला बाजूला नेऊन समजावलं, "आये, गुप्तहेर आपलो धंदो खरो सांगतलो काय?"

शनिवारी सकाळी ती त्यांना हाताला धरून शाळेत घेऊन आली. माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "गुरुजी, हे इलेत."

"कोण?"

"तेच. पाचय खुणा बघलंय."

आणि तिने पाचही खुणा पुराव्यासकट सांगितल्या. मुलांनो, इथे मी चुकलो. तिथल्या तिथे तिला खरं सांगायला हवं होतं. पण काय निरीक्षण! एवढ्या वर्षांत कुणा विद्यार्थ्याने माझा धडा असा जगून दाखवला नव्हता. छाती फुगली आणि तोंडातून शब्द गेला, "शाब्बास!"

तो शब्द तिने शिक्कामोर्तब म्हणून घेतला. मी भिकाजींना खुर्ची देत होतो, तोवर चार मुलं चार वाड्यांकडे धावली. "घंटेचो चोर सापडतलो! रगतात दिसता! गुरुजींनी फळ्यार लिवल्यानी!"

आमच्या गावात फळ्यावरचं खोटं नसतं, ही सवयही मीच लावलेली.

नऊच्या सुमारास पडवी माणसांनी भरली. मुलांनी रांगेत उभं राहून बोटं पुढे केली. एकही रडलं नाही. भिकाजी टोचत होते, काचपट्टीवर थेंब घेत होते, नावं लिहीत होते, आणि त्यांच्या फिक्कट गालांवर हळूहळू रंग चढत होता. "गुरुजी, असं गाव मी बघितलं नाही," ते म्हणाले. त्यामुळे मुलांचा संशय आणखीच पक्का झाला.

मग कावेरी मोठ्यांकडे वळली. "आता तुमी. जेणी काय चोरूक नाय, तेणी भियाचा कित्याक?"

गुरुदास सुतार खांबाच्या आड सरकले. "माका साखर आसा. माजा रगत गोड. तेच्यात काय दिसाचा नाय."

"गोड असलं तरी चालतं," भिकाजी मन लावून म्हणाले. "माझ्यापासून काही लपत नाही."

गुरुदासांनी एकदा सुईकडे बघितलं, एकदा फळ्यावरच्या दोन रेघांकडे. मग खाली मान घालून म्हणाले, "शाळेच्या बाकाच्यो दोन फळयो माज्या गोठ्यात आसत. पण घंटा नाय हां. देवीशपत."

तिथून जो बांध फुटला तो फुटलाच. सत्यवानाने देवळाचा कंदील आपल्या माळ्यावर असल्याचं कबूल केलं. शेजारच्या हौसाबाईंनी पदराखालून एक पळी काढून माझ्या टेबलावर ठेवली. "माईक सांगा, तुमच्या लग्नाच्या वेळची." पळी पाहून मी चकित झालो. त्या पळीवरून माईने अकरा वर्षं माझ्यावर संशय घेतला होता.

भिकाजी घाबरून माझ्याकडे बघू लागले. "गुरुजी, मी इथे हिवताप शोधायला आलोय ना?"

सगळं सापडलं, फक्त घंटा सापडली नाही. कावेरीने रांग पहिल्यापासून शेवटपर्यंत बघितली. तिचा पाय पुन्हा हलायला लागला होता. गुरुदासही सावरले होते. "बघलास? घंटा कोणाकडे नाय. म्हणजे मी म्हणी होतंय ताच..."

"गुरुजी रवले," कावेरी म्हणाली.

मी हसत हात पुढे केला. गुरूने उदाहरण घालून द्यावं. भिकाजींनी बोट धरलं, स्पिरिटचा कापूस फिरवला, आणि थांबले. कापूस हिरवा झाला होता.

"नखात हे हिरवं काय?" त्यांनी कापूस नाकाशी नेला. "चिंचेचा वास. पितळ घासलंत का हो?"

बुधवारची पिशवी माझ्या डोळ्यांपुढे आली. पिशवीत कळशी होती, समई होती, ती दोन्ही मी आदल्या रात्रीच घासली होती, आणि घंटा होती. मागच्या पडवीत, माईच्या मडक्यात, चिंचेच्या कोळात बुडवून मी वर टोपली झाकली होती आणि झेंड्याची काठी रंगवायला धावलो होतो. त्यानंतर मडक्याची आठवण माझ्या डोक्यातून चिंचोक्यासारखी निसटली ती निसटलीच.

सुई न टोचता भिकाजींनी चोर पकडला होता, आणि त्यांनाच ते ठाऊक नव्हतं.

कावेरीच्या कानात हळूच सांगण्याचा मोह मला झाला. खोटं कशाला बोलू, झाला. पण तिच्यावर आळ आला होता तो चारचौघांत. मी उभा राहिलो. "घंटा माझ्या घरी आहे. मीच नेली. विसरलो. या पोरीचा काही दोष नाही."

मागून कुणीतरी गाऱ्हाण्याच्या सवयीने म्हणालं, "व्हय म्हाराजा!"

मथुरा पदरात तोंड घालून खाली बसली. गुरुदासांनी घसा खाकरला. कावेरी त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिली. "आता सोमवारी नाव कोणाचा घेवचा आसा?"

"कोणाचाच नाय गो," गुरुदास म्हणाले. "फळयो आणून देतंय."

मग कावेरी धूम पळाली ती माझ्या घराकडे. परत आली तेव्हा तिच्या हातात घंटा होती, अर्धी हिरवी, अर्धी सोन्यासारखी, कोळ ठिबकणारी. मधल्या अंगणात उभं राहून तिने ती वाजवली. लांबलचक, सुटीची. सुटीचे साडेदहा अजून वाजायचे होते. शाळा क्षणात रिकामी झाली. भिकाजींनी माझं बोट अजून सोडलं नव्हतं.

"कावेरी, घंटा खिडकीत ठेव," मी तिथूनच सांगितलं.

तिने घंटा परकराला पुसली, काखेत घट्ट धरली आणि पायवाटेला लागली. वळून एवढंच म्हणाली, "सोमवारी घेवन येतंय, गुरुजी. तवसर माज्याकडे रवांदे. हयसर चोर आसत."