ईमेलचा रकाना आणि पाच किलो तांदूळ

गुपित कसं राखावं हे आमच्या शाळेत कुणी शिकावं तर माझ्याकडून! उगाच फुशारकी मारत नाही. दोन महिन्यांपूर्वी मी वरच्या कार्यालयाला निनावी ईमेल धाडला, "आमच्या मुख्याध्यापिका एपिफानिया मॅम आठवड्याला चार सभा घेतात आणि त्यात फक्त पुढच्या सभेची तारीख ठरते." त्यासाठी खास नवा पत्ता काढला होता, 'सभांनी गांजलेला'. कार्यालयाने तो पत्त्यासकट मॅमकडेच धाडला, आणि तेव्हापासून मॅम एकेका शिक्षकाला डोळ्यांनी सोलून काढत होत्या. आणि "कोण हो इतका नीच?" असं सगळ्यांत मोठ्याने मीच विचारत होतो!

मग वरून हुकूम आला, खासगी माहिती जपण्यावर दिवसभराचं शिबिर घ्या. आमच्या इलोइलो शहरात शिबिर म्हटलं की आधी हजेरीचा कागद, मग प्रार्थना, मग परतलेल्या शेवयांचं पॅन्सिट. कागदावर नाव, सही, ईमेल. प्रमाणपत्र ईमेलवरच येणार आणि त्याच्याशिवाय बढतीचे गुण नाहीत. माझ्या जुन्या ईमेलचा पासवर्ड मी इतका जपून ठेवला होता की मलाच सापडेना. नवा ईमेल काढावा, तर फोन दारातच जमा केलेले. उरला तो एकच पत्ता!

कागद माझ्या रांगेपर्यंत यायच्या आत मी उठलो.

"मॅम, शिबिर कशावर आणि सगळ्यांचे ईमेल उघड्या कागदावर? शोभतं का आपल्याला?"

"मग काय करायचं म्हणता, सर अन्सेल्मो?"

"चिठ्ठ्या! नाव आणि ईमेल लिहून, घडी घालून डब्यात टाकू. प्रमाणपत्र पाठवणाऱ्याशिवाय कुणी बघायचं नाही."

टाळ्या पडल्या. मॅमनीही वाजवल्या! आइस्क्रीमचा रिकामा डबा आला, सुक्या मासळीचा वास मारणारा. त्यात चिठ्ठ्या पडल्या आणि डबा व्यासपीठावर विराजमान झाला.

आता, आमच्याकडे सोडतीशिवाय कुठलाही कार्यक्रम संपत नाही, हे मला काय ठाऊक नव्हतं? पण मी पॅन्सिटच्या तिसऱ्या ताटात होतो. व्यायामशिक्षक रोडेलने माइक धरला. त्याला खरं तर माइक लागतच नाही. समोर डबा, डब्यात चिठ्ठ्या. आणखी काय हवं!

"पहिलं बक्षीस, छत्री! मॅम लुर्देस! ईमेल, 'रुसलेली राजकुमारी'!"

लुर्देस मॅम धर्मशिक्षण देतात, पुढच्या वर्षी निवृत्त होतायत. भोंगा पार बाजारापर्यंत ऐकू जातो. तिकडून मासेवाल्यांचं हसू आलं.

मी ताट टाकून धावलो. "अरे रोडेल, थांब! खासगी आहे ते!"

"धीर धरा ना सर, तुमचीही निघेल!"

आणि निघाली की हो!

"मोठं बक्षीस, पाच किलो तांदूळ! सर अन्सेल्मो! ईमेल, 'सभांनी गांजलेला'!"

मॅम सावकाश उठल्या आणि पोतं माझ्या हातात दिलं.

"अभिनंदन, सर. पत्र छान होतं. अगदी खरं लिहिलंत."

माझ्या जिवात जीव आला.

"म्हणून सभा कमी कशा करायच्या यावर समिती नेमतेय. अध्यक्ष तुम्ही. सभा दर शनिवारी, सकाळी सातला."

परवा आमची पाचवी सभा झाली. त्यात सहावीची तारीख ठरली. हजेरीच्या कागदावर ईमेलचा रकाना मीच आखतो. माझ्या नावापुढे तेवढा तो कोराच राहतो. माझा पत्ता मासेवाल्यांनाही पाठ आहे!