मुंजाजीभाऊंचा डावा कान

मुंजाजीभाऊंशी शनिवारी संध्याकाळी बोलायचं असेल, तर त्यांच्या उजवीकडेच उभं राहावं लागतं. डावीकडून कुणी "काय भाऊ, कसं काय?" म्हटलं की ते रहदारीच्या पोलिसासारखा हात वर करतात आणि डोळ्यांनीच पलीकडे जायला सांगतात. त्या कानात एक बोंडूक, त्याची वायर शर्टाच्या खिशात. सगळे समजायचे, भाऊंना डाव्या कानानं कमी ऐकू येतं. इतर दिवशी ते यंत्र दिसायचं नाही, पण बॅटरी वाचवत असतील, असं मला वाटायचं. माणूस काटकसरीचाच.

आमच्या दोघांच्या घरांमध्ये एकच भिंत. ते बसस्टँडवर कंट्रोलर होते, आता निवृत्त. लग्न केलं नाही, जेवायला डबा लावलेला. मी बदली होऊन हिंगोलीत आलो तेव्हा सहज बोलून गेलो, की इथं शनिवार-रविवारी करायला काहीच नाही. भाऊंनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी हिंगोलीला बसच येत नाही असं म्हणालो होतो.

"काहून न्हाई?" म्हणाले, आणि गाड्या पुकारायच्या आवाजात त्यांनी सगळं सांगायला घेतलं. कुठल्या गल्लीतून वरात निघणार आणि तिच्यापुढे कुठला बँड, उरुसात कव्वालीला कोण येणार, टायरच्या दुकानावरच्या हॉलमध्ये कराओके किती वाजता, दसऱ्याच्या प्रदर्शनात ऑर्केस्ट्रा कधी. एप्रिलभर तर भीमगीतांना जागा पुरत नाही. शेवटी म्हणाले, "शनिवार कोरडा जाऊ द्यायचा न्हाई, सायब." हे वाक्य मी पुढं इतक्यांदा ऐकलं, की आता झोपेतही म्हणू शकेन.

माझ्याकडे मोटारसायकल होती, म्हणून मी त्यांचा सोबती झालो. अनोळखी माणसाच्या वरातीत ते बँडच्या मागं निम्मं गाव चालायचे आणि जेवणाची वेळ झाली की निघायचे. नवरा कोण, नवरी कोण, याची त्यांनी कधी चौकशी केली नाही. क्लॅरनेट कोण वाजवतोय, ते मात्र आधी विचारायचे. हॉलमध्ये बसले तर रांगेतली डाव्या टोकाची खुर्ची, भिंतीला लागून.

गाणं संपलं की लोक टाळ्या वाजवायचे आणि भाऊंकडे पाहायचे. भाऊ लगेच बोलत नसत. मान थोडी कलती करून थांबायचे आणि मग निकाल द्यायचे. निकाल नेहमी भाकरीच्या भाषेत. "थापली चांगली, पण फुगली न्हाई." "पीठ जुनं हाय." कराओकेतल्या एका दातांच्या डॉक्टरांनी मोठी तान घेतली, तेव्हा भाऊ म्हणाले, "जाळ लई झाला डॉक्टरसायब, करपली." डॉक्टर आठवडाभर रियाज करून पुन्हा आले. "आता खाण्याजोगी," एवढं ऐकल्यावर त्यांनी सगळ्या हॉलला चहा पाजला.

मला या भाकरीचं नवल वाटायचं, कारण भाऊंना चुलीजवळचं काही म्हणता काही येत नाही. एकदा त्यांनी मला चहा करून पाजला, तेव्हापासून चहाला मीच त्यांना बोलावतो.

मग पितृपक्षातला शनिवार आला. लग्न नाही, वरात नाही, कार्यक्रम नाही. कराओकेच्या हॉलला कुलूप, मालक बाहेरगावी. भाऊ दुपारपासून अंगणात येरझारा घालत होते. चार वाजता त्यांना आठवलं, की कनेरगाव नाक्याच्या एका ढाब्यावर एक चाचा बाजेवर बसून पेटी वाजवतात आणि जुनी गाणी म्हणतात. निघालो.

ढाब्यावर भला मोठा टीव्ही लागला होता आणि ट्रकवाले क्रिकेट बघत होते. चाचा लेकीकडे वारंगा फाट्याला गेलेले. मी भाऊंना म्हणालो, जेवू आणि परत जाऊ, एक शनिवार राहिला तर काय बिघडतं? भाऊ माझ्यावर पहिल्यांदाच चिडले. तेवढ्यात त्यांच्या खिशातला फोन वाजला. त्यांनी तो उचलला नाही, नुसता हातात धरून बसले.

"आक्का हाय," ते म्हणाले.

मग कळलं. गयाआक्का ही त्यांची थोरली बहीण, हट्ट्याला पुतण्याच्या घरी असते. एके काळी जलशात गाणारी, आसपासच्या गावांतून तिला बोलावणं यायचं. लहानगे भाऊ तिच्या शेजारी बसून खंजिरी वाजवायचे. आता आक्काची नजर गेली, गुडघे गेले. शनिवारी सूनबाई तिच्या उशाशी फोन ठेवते आणि भाऊंच्या खिशातून सगळी हिंगोली तिला ऐकू जाते. ते कानातलं बोंडूक म्हणजे आक्काचा आवाज. ज्या निकालांना हॉल घाबरायचा, ते सगळे हट्ट्याच्या बाजेवरून यायचे. म्हणजे गावात सगळ्यात जास्त ऐकणारा कान भाऊंचा तो डावाच होता.

"सहा दिवस तिला काय हाय? पंख्याचा आवाज. रोज सूनबाईला इचारती, शनिवार झाला का म्हणून. आज काय सांगू तिला?"

मी म्हणालो, मोबाइलवर एखादं गाणं लावून देऊ. भाऊंनी मान हलवली. शिळं ती खात नाही, तिला लगेच समजतं. मग मी म्हणालो, तुम्हीच म्हणा. भाऊ खरोखर घाबरले. लहानपणी एकदा त्यांनी जलशात तोंड उघडलं होतं. तेव्हा आक्कानं सांगितलं, मुंज्या, तू वाजव, गाऊ नको. त्यानंतर हा माणूस न्हाणीघरातसुद्धा गायला नव्हता.

फोन पुन्हा वाजला.

भाऊ उठले आणि टीव्हीपासून लांब, लिंबाखालच्या बाजेवर जाऊन बसले. मी नेहमीसारखा उजवीकडे बसायला गेलो, तर त्यांनी हात धरून मला थांबवलं.

"इकडं बसा. डाव्या बाजूनं." त्यांनी फोन उचलला आणि वायरीचं दुसरं बोंडूक माझ्या हातात दिलं.

मी ते कानात घातलं. पलीकडे पंखा फिरत होता आणि कुणीतरी श्वास धरून वाट पाहत होतं. भाऊंनी बाजेच्या लाकडावर बोटांनी ठेका धरला. तो अगदी पक्का होता. मग त्यांनी आक्काचंच, जलशातलं एक गाणं उचललं. काय सांगू, ऐकवत नव्हतं. पहिला सूर एकीकडे, दुसरा भलतीकडे, आणि वर आवाज थरथरणारा. एक ट्रकवाला मागं वळून बघायला लागला. पण मला हसू आलं नाही, माझे डोळे भरून आले होते.

दुसऱ्या कडव्यावर भाऊ थांबले. पलीकडे नुसता पंखा. भाऊ मान खाली घालून निकालाची वाट पाहत होते.

मग म्हातारीचा बारीक, पण ठाम आवाज आला. "कच्ची हाय, मुंज्या."

"व्हय, आक्का," भाऊ म्हणाले.

"कच्चीच हाय. पर भूक लागली व्हती. वाढ अजून."