रंभा आणि तीन इंची पाइप

रविवारी सकाळी सयाजी चहाचा पहिला घोट घेणार, तेवढ्यात त्याची बायको संयोगिता माळावरून धावत आली.

"अवो, रंभा तळ्यात पडलीया!"

रंभा म्हणजे त्यांची म्हैस, त्यातून गाभण आणि दिवस भरत आलेली. तळं म्हणजे माळावरचं शेततळं. लहानसंच, पण माणूस बुडेल एवढं खोल. पाणी जिरू नये म्हणून सयाजीनं तळापासून काठापर्यंत हौसेनं प्लास्टिक अंथरलं होतं. त्यामुळे आत जाणं फार सोपं झालं होतं. बाहेर येताना मात्र पायाला पकडच मिळत नव्हती.

रंभा पोहत काठाशी यायची, खूर टेकवायची आणि घसरून पुन्हा मध्यावर जायची. शिंगांना दोर बांधून दोघांनी ओढून बघितलं. रंभा हलली नाही, सयाजीच कमरेपर्यंत आत गेला. जेसीबीवाल्याला फोन केला, तर तो म्हणाला, "सांजच्याला येतो."

"तवर दमून बुडंल की वो ती!" संयोगिता म्हणाली.

"बुडायला पाणी तर पायजे? पाणीच काढतो."

"मोटार कशी चालवणार? शेताला लाइट रात्रीच येतीया."

"मोटार कशाला? सायफन करतो." सयाजी शाहूपुरीत पाइपांच्या दुकानात कामाला होता. पाइप म्हटला की त्याला चेव यायचा. "पाइप पाण्यानं भरायचा, एक टोक तळ्यात, दुसरं बांधापलीकडं उताराला. खालचं टोक सोडलं की झालं. पाणी आपल्या पायानं बाहेर जातंय बघ."

आधी त्यानं तीन इंची पाइपाला तोंड लावून पाणी ओढून बघितलं. गाल दुखले आणि शेवाळ तेवढं पोटात गेलं. मग पाइप तळ्यात बुडवून भरला, एका टोकात गोणपाटाचा बोळा कोंबला आणि ते टोक ओढत संयोगिता पलीकडच्या उतारावर गेली. मध्ये बांध, म्हणून तिनं फोन लावला.

"सोडू का?"

"आत्ता सोडू नको, हिकडचं टोक वर आलंय! मी सांगितल्यावर सोड!"

माळावर रेंज जेमतेम. तिला शेवटचा शब्द तेवढा ऐकू आला. तिनं बोळा काढला, पाइपात हवा शिरली आणि सगळा खटाटोप पुन्हा पहिल्यापासून करावा लागला.

दुसऱ्या वेळी सयाजीनं फोन बाजूला ठेवून शिट्टी मारली. पाणी असं धो धो सुटलं की संयोगिता हसतच बांधावर चढली. पाणी हळूहळू उतरलं. बऱ्याच वेळानं रंभाचे पाय तळाला टेकले. ती उभी राहिली आणि तिनं एक लांब सुस्कारा सोडला. संयोगितानं हात जोडले.

"बघितलंस? सायफन!" सयाजी म्हणाला.

"व्हय. पर आता ती वर कशी येणार?"

सयाजीनं खाली बघितलं. पाणी उतरलं तसा काठ लांब गेला होता. मघाशी रंभाला दोन हात चढायचं होतं, आता चांगलं सहा हात. तो मटकन खाली बसला.

तेवढ्यात खालच्या अंगाचा शेतकरी चनबसाप्पा ओरडत वर आला. दोन्ही काखांत उसाच्या वाड्याचे, म्हणजे हिरव्या शेंड्यांचे, ओले भारे होते. जनावरांसाठी बांधाकडेला रचून ठेवलेला सगळा चारा पाण्यात गेला होता.

"सयाजी, माझ्या वाड्याचा चिखल केलास की रं! आता माझी जनावरं तोंड लावणार न्हाईत. घे, तुझं तूच खा!"

त्यानं दोन्ही भारे तळ्यात भिरकावले. ते प्लास्टिकवरून घसरत रंभाच्या पुढ्यात थांबले. रंभानं एक शेंडा ओढला आणि एक पाय भाऱ्यावर ठेवला. पाय घसरला नाही.

संयोगितानं नवऱ्याला ढोसलं. सयाजी ताडकन उठला.

"चनबसाप्पा अण्णा, एवढंच भिजलं व्हय? दोन भाऱ्यांसाठी गाव डोक्यावर घेताय?"

"दोन? थांब, दावतो तुला!"

चनबसाप्पा खाली गेला, भारे आणून फेकू लागला. त्याचा राग जरा निवला की सयाजी म्हणायचा, "ह्ये तर वाळलंय की अण्णा!" आणि पुढचा भारा आणखी जोरात यायचा. संयोगिता काठीनं भारे सारखे करत होती. उतारावर हिरव्या पायऱ्या तयार झाल्या आणि दोर ओढताच रंभा वाडं चघळत, नव्या सुनेसारखी जपून पाऊल टाकत वर आली.

संयोगितानं तिच्या गळ्याला मिठी मारली. हसताहसता तिला रडूच फुटलं. चनबसाप्पा हातातला भारा तसाच धरून बघत राहिला.

"आयला, गाभण हाय ही! आधी सांगायचं न्हाईस? नीट लावून दिलं असतं की."

"सांगितलं असतं, पर तुम्ही रंगात आलतासा," सयाजी म्हणाला. "चुकलं अण्णा. पैला खरवस तुमच्या घरी." आणि तो पाइप काढायला वळला.

चनबसाप्पानं त्याचा हात धरला. "ऱ्हाऊ दे चालू. खाली माझा मका करपाय लागलाय. आत्ता कुठं चार वाफं भिजल्यात."

"अवो, तळं रिकामं हुईल माझं!"

"हुईना का," चनबसाप्पा बांधावर ऐसपैस बसत म्हणाला. "पुन्हा म्हैस पडली तर बुडायची तरी न्हाय."