पोस्टरवरचा लांडगा

"लिही," साहेब म्हणाले. "माझी नजर घारीची, नाक शिकारी कुत्र्याचं, चाल मांजराची आणि स्मरणशक्ती हत्तीची. लिहिलंस?"

लिहिलं. एवढे प्राणी एकाच देहात नांदत असल्यामुळेच बहुधा लांडग्याची केस आमच्याकडे आली. त्यातला हत्ती त्या क्षणी आपला चष्मा शोधत होता. चष्मा कपाळावर होता. मी सांगितलं नाही. गुप्तहेराच्या सहायकाच्या नशिबी आनंद फार नसतात, असतील ते पुरवून खावे लागतात.

पण ही केस थेट माझ्या घरात शिरली होती. आमच्या गल्लीतल्या थिएटरात युरोपातून आलेला एक भयपट लागला होता. पोस्टरवर पौर्णिमेचा चंद्र आणि त्याखाली दात विचकणारा, माणसाचा लांडगा झालेला प्राणी. आत मात्र पावणेदोन तासांत लांडगा सोडाच, त्याची शेपटीसुद्धा नाही. प्रेक्षक खवळले. मालकाने डोकं लावलं आणि ठरवलं, की ऑपरेटरनेच फिल्ममधून लांडग्याचे तुकडे कापून बाहेर विकले. रविवारच्या तीनच्या खेळापर्यंत लांडगा सापडला नाही तर ऑपरेटरला घरी बसवणार.

ऑपरेटर म्हणजे माझे सासरे. आणि घर म्हणजे माझं.

"बाबांना चोर ठरवून घरी आणलंत," बायकोने बजावलं, "तर तुम्ही थिएटरात राहायला जा."

रविवारी बाराच्या खेळाला आम्ही हजर झालो. साहेबांनी स्क्रीनजवळ जाऊन आधी घटनास्थळाची पाहणी केली. डाव्या बाजूच्या मखमली पडद्यात पाय अडकून पडले, उठले आणि त्याच पडद्याने भिंग पुसून म्हणाले, "इथे काही नाही."

मग सिनेमा. जंगल म्हणजे चार झाडं, तीच चार झाडं सगळ्या दिशांनी दाखवलेली. चंद्राला मधोमध घडी पडली होती. एक कुटुंब वीस मिनिटं सूप पीत होतं. दर दहा मिनिटांनी कोणीतरी डावीकडे बघून किंचाळायचं, आणि पुढच्या प्रसंगात त्याच्या नावाने सगळे रडायचे. मीही रडलो असतो, पण जांभई आधी आली.

मध्यंतरात साहेबांनी पहिला सिद्धांत मांडला. "आजी! सूप पिताना तिची जीभ बघितलीस? तीच लांडगा."

मध्यंतरानंतर तिसऱ्या मिनिटाला आजी डावीकडे बघून किंचाळली आणि गेली.

"हं. मग यांच्या घराण्यात मानेचा विकार आहे. सगळ्यांची मान डावीकडेच वळते, आणि त्यातच ते दगावतात. लांडगा हा निव्वळ गैरसमज!"

"पोस्टरवर आहे, साहेब."

"पोस्टरवर चंद्रही आहे. तो आला का थिएटरात?"

खेळ सुटल्यावर आम्ही जिना चढून प्रोजेक्टरच्या खोलीत गेलो. सासरे रीळ गुंडाळत होते. मला बघून त्यांनी नुसती मान हलवली. साहेबांनी खोली हुंगली, टेबलाचा खण ओढला आणि आरोळी ठोकली. खणात छोटी कात्री होती, आणि कात्रीला पांढरे-करडे केस चिकटले होते.

"लांडग्याचे केस!"

"मिशीचे आहेत," सासरे म्हणाले. "माझ्या."

पण मालक मागोमाग आलाच होता. त्याने केस बघितले, कात्री बघितली, सासऱ्यांची मिशी मात्र बघितली नाही. "पुरावा मिळाला," तो म्हणाला. "तीनचा खेळ लावा आणि किल्ल्या देऊन जा."

साहेबांचा चेहरा उजळला. मला त्यांना त्याच खणात कोंबावंसं वाटलं.

सासरे शांतपणे म्हणाले, "एकतीस वर्षं झाली, मालक. कितीही भिकार सिनेमा आला तरी मी एक फ्रेम कापलेली नाही. ज्याने बनवला त्याने बनवला, आपण पूर्ण दाखवायचा. नोकरी घ्या. पण कात्रीचं नाव लावू नका."

किल्ल्यांचा जुडगा काढून त्यांनी मालकाच्या हातात ठेवला. मला फार वाईट वाटलं, आणि घरी जाऊन काय सांगायचं या विचाराने त्याहून वाईट वाटलं.

दारात थिएटर झाडणाऱ्या मावशी केरसुणी घेऊन उभ्या होत्या.

"काय हरवलंय एवढं?" त्यांनी विचारलं.

"लांडगा," मी म्हणालो.

"तो केसाळ? तो रोज येतो की! मी खेळ सुटायची वाट बघत पुढच्या कोपऱ्यात बसते ना, तेव्हा मखमली पडद्याच्या चुण्यांवर पंजा हलताना दिसतो."

"मखमली पडद्यावर कशाला येईल तो?" मालक ओरडला.

"मग कुठे येईल? चार वर्षांपूर्वी स्क्रीन डावीकडे फाटली, तर तुम्हीच म्हणालात, शिवत कशाला बसायचं, पडदा थोडा पुढे ओढून बांधून टाका. मीच बांधलाय. आपले हिरो कायम मधोमध उभे राहतात, कोणाचं काही अडलं नाही. हा मेला कोपऱ्यातून येतो."

मालक छताकडे बघू लागला. साहेबांनी वहीकडे बोट दाखवून मला सांगितलं, "लिही. मी पहिल्याच मिनिटाला त्या पडद्यावर झडप घातली होती."

तीनच्या खेळाला मावशींनी दोरी सोडली. मालक जातीने आमच्यासोबत वर, प्रोजेक्टरच्या खोलीत येऊन उभा राहिला. नायिका डावीकडे बघून किंचाळली, आणि चार वर्षांनी उघड्या झालेल्या त्या फाटक्या कोपऱ्यातून लांडगा आत आला.

आला म्हणजे अर्धाच आला. बजेट कमरेपर्यंतच पुरलं असावं. वर पायपुसण्यासारखी लोकर, खाली इस्त्रीची पँट. पाठीला चेन, मनगटावर घड्याळ. त्याने डरकाळी फोडायला तोंड उघडलं तेव्हा एक कान गळून पडला. तो त्याने उचलून खिशात ठेवला.

थिएटर गडगडून हसलं. मग पहिल्या रांगेतून कोणीतरी ओरडलं, "मावशी, पडदा ओढा! दिसत नव्हता तेच बरं होतं!"

सगळ्या थिएटरने टाळ्या वाजवून अनुमोदन दिलं.

मालकाने किल्ल्यांचा जुडगा सासऱ्यांच्या हातात परत ठेवला. "चुकलं माझं, काका," तो पुटपुटला आणि खाली सटकला.

सासऱ्यांचं लक्ष नव्हतं. झरोक्यातून ते टक लावून त्या लांडग्याकडे बघत होते. लांडगा आता घड्याळात वेळ बघत होता. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"बाबा, सुटलात."

"जावईबापू," ते झरोक्यावरून नजर न हलवता म्हणाले, "ती कात्री जरा द्या बघू."